यंत्र भाड्याचे, वही आपली

मोताळा हे बुलढाणा–मलकापूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. शिवारात कपाशी, सोयाबीन आणि मका; नळगंगेचे पाणी जिथे पोचते तिथे थोडेफार बागाईत. इथल्या कृषी सेवा केंद्रांचा व्यवहार अजून बराचसा उधारीवर चालतो. मृग लागला की बियाणे आणि खत न्यायचे आणि दिवाळीच्या पुढेमागे कापूस घरात आला की हिशेब चुकता करायचा, असा इथला रिवाज. म्हणजे मधले पाच-सहा महिने दुकानदाराचे भांडवल गल्ल्यात नसते आणि गोदामातही नसते. ते वहीत असते. कोणाकडे किती बाकी आहे, एवढे जिथे लिहिलेले आहे ते चार कागद हीच त्याची मालमत्ता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वहीला हळदकुंकू वाहतो, त्यामागे हा रोकडा व्यवहार आहे.

ही वही गेल्या काही वर्षांत दुकानातून बाहेर पडली आहे. आधी ती गल्ल्याशेजारच्या संगणकात गेली. आता बिल मोबाइलवर होते, साठा मोबाइलवर दिसतो, आणि सॉफ्टवेअर विकणारा माणूस सांगतो, ‘‘शेठ, काळजी करू नका, तुमचा सगळा डेटा क्लाउडवर आहे.’’ क्लाउड म्हणजे ढग. पावसासाठी ढगाकडे पाहणे वऱ्हाडातल्या माणसाला ठाऊक आहे, पण ढगात उधारीची वही ठेवायची ही गोष्ट त्याला चमत्कारिक वाटते. तो विचारतो, ‘‘ढगात म्हणजे नेमकी कुठं?’’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. धंद्यासाठी क्लाउड घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हाच प्रश्न विचारायला हवा. आणि त्याचे उत्तर समजून घ्यायला परदेशात जाण्याचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून सुरुवात करता येते.

शेतातून वेचलेल्या कापसात सरकी असते. १०० किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. बाकी बहुतेक सरकीच. पूर्वी ही सरकी घरोघरी छोट्या हातचरखीवर काढत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तोही मुख्यतः कापसासाठी. आता माल रेल्वेने आणि पुढे जहाजाने जायचा, तर सुटी रुई परवडत नाही. ती फार जागा खाते. म्हणून ती दाबून घट्ट गाठी बांधणे आले आणि त्यासाठी यंत्रे आली. खामगाव, मलकापूर या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मोताळ्याच्या शेतकऱ्याने किंवा छोट्या व्यापाऱ्याने स्वतःचा प्रेस विकत घेतला नाही. का घेतला नाही? एक तर यंत्र महाग. दुसरे, त्याचे काम हंगामापुरते चार-पाच महिने. उरलेले दिवस ते गंजत पडायचे. तिसरे, ते चालवायला जाणता माणूस लागतो आणि तो एका व्यापाऱ्याच्या कामावर पोसता येत नाही. म्हणून कारखानदाराने यंत्र लावायचे, पन्नास जणांनी आपला माल तिथे न्यायचा आणि जेवढे काम झाले तेवढ्याची मजुरी द्यायची, अशी व्यवस्था झाली. क्लाउड कम्प्युटिंगचे मूळ गणित हेच आहे. यंत्र दुसऱ्याचे, माल आपला आणि पैसे वापरापुरते.

कापूस दुसऱ्याच्या आवारात गेला की पावतीला महत्त्व येते. काट्यावर वजन किती भरले, प्रत कोणती लागली, माल कोणाचा, हे कागदावर आले नाही तर पुढे बोलायला जागा राहत नाही. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तेव्हा कापूस संकलन केंद्रावर घातल्यावर चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरांत ती पावती किती जपली जाई, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. पुढे १९९०-९१ पासून कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आली. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि त्याच्या तारणावर कर्ज घ्यायचे, तेही पावतीच्याच भरवशावर. माल दुसऱ्याच्या ताब्यात देऊनही मालकी आपल्याकडे ठेवण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. वहीच्या बाबतीत मात्र ती अजून पडलेली नाही.

यंत्रशक्ती भाड्याने घेण्याचा पुढचा मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. मुंबईच्या कापड गिरण्या आपापले बॉयलर आणि वाफेची इंजिने ठेवत. प्रत्येकीचा कोळसा वेगळा, धुराडे वेगळे. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून ते पाणी घाटाखाली खोपोलीला आणले आणि १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वीज कुठे तयार होते याची चिंता गिरणीला उरली नाही. मीटरवर आकडा पडेल तेवढे बिल भरायचे. आज आपल्या घरात हीच रीत आहे आणि तिचे आपल्याला काही वाटतही नाही.

संगणकाचेही असेच होईल, हे अमेरिकेतले शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच एका भाषणात सुचवले होते. टेलिफोनसारखी संगणनाचीही सार्वजनिक सेवा होईल आणि लोक वापराप्रमाणे पैसे देतील, अशी त्यांची कल्पना होती. त्या वेळी संगणक एवढा मोठा आणि महाग होता की तो वाटून वापरण्यावाचून गत्यंतरच नव्हते. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफरॅक’ हा देशी बनावटीचा संगणक रीतसर सुरू झाला. हे नाव त्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १० किलोबाइट. मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. तरीही इतर संस्थांचे शास्त्रज्ञ आपापली गणिते घेऊन तिथे येत. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या लागाव्यात, तशी गणितांची रांग लागे.

धंद्याच्या जगात हे काम पुढे नेले ते टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने. आज टीसीएस म्हटले की परदेशी प्रकल्प आठवतात. पण १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीची पहिली कामे फार घरगुती होती. टिस्कोसाठी छिद्रे पाडलेल्या कार्डांवरचा हिशेब, युनिट ट्रस्टच्या नोंदी आणि सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांमधल्या व्यवहारांचा मेळ घालणे अशी ती कामे. एका शाखेने काढलेला ड्राफ्ट दुसऱ्या शाखेत वटला, की दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्या लागतात. असे हजारो व्यवहार हाताने जुळवायचे म्हणजे कारकुनांची फौज लागायची. बँकेने आपली माहिती पाठवायची, टीसीएसच्या यंत्रावर ती जुळवली जायची आणि उत्तर परत यायचे. याला ‘ब्युरो सर्व्हिस’ म्हणत. त्या काळी माहिती कार्डांच्या गठ्ठ्यांतून जाई, आज ती तारेतून जाते. एवढा फरक सोडला तर हा क्लाउडचाच पूर्वज आहे.

मग मधल्या काळात वारे उलटे फिरले. १९८० नंतर छोटे संगणक आले, ते स्वस्त होत गेले आणि ‘आपले यंत्र आपल्या टेबलावर’ ही चैन दुकानदारालाही परवडू लागली. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरने कीर्द-खतावणी संगणकावर आणली. पण घरचे यंत्र म्हटले की घरची दुखणीही आली. भारनियमनात वीज जायची, इन्व्हर्टर दमायचा, व्हायरस शिरायचा, आणि एखाद्या सकाळी हार्डडिस्क बोलेनाशी व्हायची. शेवटचा बॅकअप कधी घेतला, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कित्येक दुकानांचे कागद आणि संगणक एकदमच पाण्याखाली गेले. वही आणि तिची नक्कल एकाच छपराखाली ठेवणे म्हणजे काय, हे त्या दिवशी समजले.

याच सुमारास जगात दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे पुष्कळ साधी यंत्रे एकत्र जोडून एखाद्या महायंत्राएवढे काम करून घेण्याचे तंत्र पक्के झाले. आपल्या वाचकांना याचे जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम’. अमेरिकेचा महासंगणक सहजी मिळत नव्हता, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. एकच अजस्र यंत्र बनवण्याऐवजी अनेक लहान प्रक्रियक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून काम वाटून करून घेणे, ही ‘परम’ची युक्ती होती. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच यंत्राचे आतून अनेक भाग पाडून ते वेगवेगळ्या लोकांना देण्याची सोय. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात, पाण्याची टाकी एक असते, पण प्रत्येकाचे कुलूप वेगळे असते, तसेच हे.

मार्च २००६ मध्ये पुस्तके विकून नावारूपाला आलेल्या ॲमेझॉन कंपनीने साठवणुकीची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली. दर होता एका गीगाबाइटला महिन्याला १५ सेंट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यंत्रही भाड्याने मिळू लागले, तासाला १० सेंटपासून. ‘क्लाउड’ हा शब्द कुठून आला? अभियंते नकाशे काढताना आपल्या हद्दीबाहेरचे दूरचे जाळे ढगासारखी आकृती काढून दाखवत. ‘इथून पुढे काय आहे ते तुम्ही पाहायचे कारण नाही,’ असा त्याचा अर्थ. तेच नाव धंद्याला चिकटले.

धंदेवाईकाने यातले तीन प्रकार ओळखून ठेवावेत. पहिल्या प्रकारात नुसती जागा आणि यंत्र मिळते. त्यावर काय चालवायचे ते तुम्ही पाहायचे. म्हणजे गोदामाचा गाळा भाड्याने घेतल्यासारखे. दुसऱ्यात यंत्राबरोबर हत्यारेही मिळतात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ते उपयोगी, दुकानदाराला त्याचे काम नाही. तिसऱ्यात काम आयते करून मिळते. मोबाइलवरचे बिलिंग, ऑनलाइन हिशेब, हजेरीपट, ई-मेल हे सारे त्यात आले. मोताळ्याच्या बाजारातला बहुतेक व्यवहार या तिसऱ्या प्रकारातला असणार. इथे सेवा देणारा स्वतःच पुष्कळदा दुसऱ्या मोठ्या कंपनीचे यंत्र भाड्याने घेऊन बसलेला असतो. म्हणजे तो कूळ आणि आपण पोटकूळ.

हे ढग आता फार लांबही राहिलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत. केंद्र म्हणजे प्रत्यक्षात काय? जाड भिंतींची इमारत, आत रांगेने लावलेली यंत्रे, ती थंड ठेवणारी प्रचंड वातानुकूलन यंत्रणा आणि वीज गेली तर धडधडणारी जनित्रे. तेव्हा ‘ढगात म्हणजे कुठं’ याचे उत्तर, कदाचित पुण्या-मुंबईच्या एखाद्या इमारतीत, असे असू शकते. सरकारनेही २०१४ मध्ये ‘मेघराज’ नावाचे स्वतःचे क्लाउड सुरू केले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि विवरणपत्र भरताना लहानमोठा प्रत्येक व्यापारी दूरच्या यंत्रावर काम करू लागला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. जमिनीचा उतारा दूरच्या यंत्रातून निघतो, तिथे उधारीची वही मागे राहावी कशी?

फायदा उघड आहे. गावातला संगणक बिघडला तरी हिशेब शाबूत राहतो. बाजारहाटाला मलकापूरला गेलेला मालक तिथून दुकानाचा साठा पाहू शकतो. हंगामात चार महिने जास्त यंत्र घेता येते आणि एरवी सोडून देता येते. पण जिनिंगचा इतिहास आठवला की पुढचे प्रश्नही आठवतात.

कारखाना बंद पडला तर आत असलेल्या मालाचे काय? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या निर्व्हॅनिक्स नावाच्या साठवणूक कंपनीने गाशा गुंडाळला आणि ग्राहकांना आपला डेटा काढून नेण्यासाठी सुरुवातीला जेमतेम दोन आठवड्यांची मुदत दिली. ट्रकभर माल एका दिवसात हलवता येतो. तारेतून जाणारी प्रचंड माहिती काही केंद्रांना तेवढ्या दिवसांतही हलवता येत नाही. आग लागली तर? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे एक अख्खे केंद्र जळाले. ज्यांनी दुसरीकडे नक्कल ठेवली होती ते काही दिवसांत सावरले. ‘क्लाउडवर आहे म्हणजे नक्कल असणारच’ असे ज्यांनी गृहीत धरले होते, त्यांतल्या काहींचा डेटा कायमचा गेला. नक्कल हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते आणि बहुधा तिचे पैसे वेगळे पडतात.

कायद्याचीही बाजू आहे. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, हिशेब जपून ठेवावा लागतो. तुम्ही आज एक ॲप सोडून दुसरे घेतले आणि जुन्याचे खाते बंद केले, तर मधल्या वर्षांचा हिशेब अधिकाऱ्यापुढे कुठून आणणार? नोंदणीकृत कंपन्यांना तर २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाची नक्कल भारतातल्या यंत्रावर रोजच्या रोज ठेवणे भाग आहे. शिवाय २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, फोन आणि बाकी असते. ती माहिती दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवली म्हणून आपली जबाबदारी टळत नाही. गावात कोणाची बाकी किती, हे चारचौघांत कळले तर उधारी नेणाऱ्याची अब्रू जाते, हे कायदा नसतानाही आपल्या दुकानदारांना समजत होते.

म्हणून क्लाउड घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. माझी वही कुठल्या देशात, कुठल्या केंद्रात राहणार? तिची दुसरी नक्कल कुठे आहे? मी सोडून जायचे ठरवले तर सगळा हिशेब मला साध्या तक्त्याच्या रूपात काढून मिळेल का, आणि किती दिवसांत? खात्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड आणि त्याच्याशी जोडलेला मोबाइल नंबर, मालकाचा आहे की सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पोराचा? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला आणि नंबर बदलला की स्वतःच्याच वहीपुढे मालक बाहेर उभा राहतो.

बिलावरही लक्ष हवे. प्रेसमध्ये कापूस नेला नाही तर मजुरी पडत नाही. क्लाउडवर मात्र घेतलेले यंत्र परत करायचे विसरलात तर ते रिकामे चालूनही भाडे खात राहते. आणि नेट गेले, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तर त्या दिवशी बिल कसे करणार याची सोय आधीच करून ठेवावी. एक छापील पावतीपुस्तक गल्ल्यात असले तर काही बिघडत नाही.

शेवटी एक सवय सांगतो. महिन्याच्या शेवटी बाकीची संपूर्ण यादी क्लाउडवरून उतरवून घ्यावी, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी आणि पेनड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा. पेरणीच्या दिवसांत हे आठवड्याला करावे, कारण उधारी तेव्हाच वाढते. जमल्यास वर्षातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब परत उभा राहतो का, हेही तपासून पाहावे. वऱ्हाडच्या माणसाने दीडशे वर्षे दुसऱ्याच्या यंत्रावर आपला कापूस पिंजून घेतला, पण पावती घेतल्याशिवाय तो काट्यावरून हलला नाही. वहीच्या बाबतीतही त्याने तसेच करावे. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मोबाइल ठेवला तरी हरकत नाही. शेजारी ती महिन्याची यादीही असू द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)